रापण ठाऊक असलेल्यांपुढे जाळ्याचा दृष्टांत

प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मालवणच्या बाजूला एका लहान मंडळीत तुम्ही उपदेश करता. पाळकसाहेब महिन्यातून एकच रविवार येऊ शकतात, म्हणून उरलेल्यांपैकी दोन रविवार तुमच्या वाट्याला येतात. पुढच्या महिन्यासाठी तुम्हाला मत्तय १३:४७-५० हा जाळ्याचा दृष्टांत दिलेला आहे: जाळ्यात आलेल्यांतले चांगले मासे ठेवतात आणि वाईट फेकून देतात, तसे युगाच्या समाप्तीला देवदूत दुष्टांना वेगळे करून अग्नीच्या भट्टीत टाकतील. मागे लूक ५ वर बोलताना तुम्ही मासेमारीतले, रापणीचे म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्याकडे ओढायच्या लांब जाळ्याचे, पुष्कळ दाखले घेतलेत, तेव्हा मंडळीतल्या एका वडिलांनी ‘आज रापणीवर भाषण झाले, वचनावर नाही’ असे सुनावले. आणि त्याच्या आधी टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरची भाष्ये, नीट वाचून जो उपदेश केलात, त्यात निम्मी मंडळी पेंगली. म्हणून उपदेशात शास्त्र किती असावे आणि आपल्या किनाऱ्यावरचे किती, असे तुम्ही विचारता. शेजारची हिंदू मित्रमंडळी उपासनेला येतात तेव्हा ‘अग्नीच्या भट्टी’चा भाग गाळावा का, हा तुमचा दुसरा प्रश्न.

माझ्या मते अडचण प्रमाणाची नाहीच. शास्त्र बारा आणे आणि किनारा चार आणे, असा हिशेब मांडून उपदेश बसत नाही. तुमच्या त्या दोन्ही उपदेशांत, म्हणजे पेंग आणणाऱ्या आणि बोल लावून घेणाऱ्या, दोष बहुधा एकच असावा: उतारा काय विचारतो आहे ते कळण्याआधीच उत्तर तुमच्या हाती आले होते. एकदा ते टीकाग्रंथातून आले, एकदा किनाऱ्यावरून. गेली तीस-एक वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या छोट्या मंडळ्यांमध्ये उपदेश करताना मला एवढेच उमगले आहे की आपल्या ओळखीची गोष्ट उताऱ्याकडे प्रश्न म्हणून न्यावी. उत्तर म्हणून नेली, तर ती उताऱ्याच्या जागी जाऊन बसते आणि मग उतारा नुसता सुरुवातीला वाचण्यापुरता उरतो.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेले पुष्कळ आहे, ते आधीच कबूल करतो. तुमच्या मंडळीत रापणीत वाटा असलेली कुटुंबे किती, शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करणारी किती, गणपतीच्या नि मेच्या सुट्टीत मुंबईहून येणारी किती, गेल्या काही महिन्यांत कुणाच्या घरी समुद्राने माणूस नेले आहे का, हे मला ठाऊक नाही आणि या प्रत्येक गोष्टीने उपदेश बदलतो. तेव्हा मी हा उतारा कसा हाताळला असता ते सांगतो. त्यातले तुमच्या मंडळीला लागू पडेल तेवढेच घ्या.

सोमवारी मी उतारा मराठीतून मोठ्याने वाचतो, टीकाग्रंथ बंद ठेवून. बायबल सोसायटीचे भाषांतर आपल्या कानात मुरलेले असते, म्हणून त्यातले शब्द आपल्याला खटकेनासे होतात. त्यासाठी शेजारी पंडिता रमाबाईंचे भाषांतर ठेवतो. ते पूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातली वेगळी शब्दयोजना कानाला मुद्दाम अडवते. जिथे दोन भाषांतरे वेगळी वळतात तिथे पेन्सिलीने खूण करायची, एवढेच सोमवारचे काम.

या उताऱ्यात खरी गंमत अशी आहे की दोन्ही भाषांतरे जिथे सारखी आहेत तिथेच आपल्याकडच्या वाचकाला अडखळायला हवे. शब्द आहे ‘जाळे’. मत्तय ४:१८ मध्ये पेत्र आणि अंद्रिया समुद्रात जाळे टाकत होते, लूक ५ मध्ये कोळी जाळी धूत होते, आणि इथे स्वर्गाचे राज्य जाळ्यासारखे आहे. मराठीत सगळीकडे जाळेच. मूळ ग्रीकमध्ये मात्र हे तीन वेगळे शब्द आहेत. पेत्राच्या हातातले ते अँफिब्लेस्ट्रॉन, म्हणजे एकट्या माणसाने फेकायचे गोल जाळे; आपण त्याला पाग म्हणतो. लूकमधले दिक्त्युऑन हा जाळ्याला सर्वसाधारण शब्द. आणि या दृष्टांतातला शब्द सागेने, जो अख्ख्या नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो, तो लांबलचक ओढजाळ्यासाठी आहे, जे पाण्यात वेढा देऊन सोडतात आणि अनेक माणसे मिळून किनाऱ्याकडे ओढतात. म्हणजे आपली रापण. भाषांतरकारांचा यात दोष नाही. देशावरच्या वाचकाला पाग आणि रापण यांतला भेद कुठून माहीत असणार? तुमच्या मंडळीला तो माहीत आहे, आणि ‘हे पाग नव्हे, ही रापण’ एवढे एक वाक्य तुम्ही उच्चारलेत तर अर्धा दृष्टांत त्यांच्यापुढे उभा राहील.

इथे एक मोह होईल, तो आधीच सांगून ठेवतो, कारण मला तो झाला होता. यांत्रिक नौकांवरून टाकायच्या मोठ्या वेढाजाळ्याला ‘पर्ससीन’ म्हणतात; त्या शब्दातला ‘सीन’ हा याच ग्रीक सागेनेचा लॅटिनमार्गे इंग्रजीत आलेला वंशज आहे. रापणकरांनी भरलेल्या मंडळीत ही माहिती सांगितली की सगळे ताठ बसतील आणि तुम्ही पुढची दहा मिनिटे पर्ससीन, एलईडीचे दिवे आणि पारंपरिक मच्छीमारांवरचा अन्याय यांवर बोलाल. तो अन्याय खरा आहे आणि त्यावर उपदेश व्हायलाही हवा. पण मग उतारा आमोसातला घ्या, घराला घर लावणाऱ्यांबद्दलचा यशया ५:८ घ्या, नाबोथाच्या द्राक्षमळ्याची १ राजे २१ मधली गोष्ट घ्या. मत्तय १३ मधल्या जाळ्याला तो विषय ठाऊक नाही. शब्दाची कूळकथा सांगणे म्हणजे अर्थ सांगणे नव्हे.

आता ज्यांना रापण ठाऊक आहे त्यांनी उताऱ्याला प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा की ‘वाईट’ मासा कोणता? हा प्रश्न टीकाग्रंथ लिहिणाऱ्याला फारसा सुचत नाही, पण आपल्या मंडळीतल्या कुठल्याही बाईला पहिल्या झटक्यात सुचेल. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ कुजका, सडका. पण नुकताच पाण्यातून काढलेला मासा कुजलेला कसा असेल? हाच शब्द मत्तय १२:३३ मध्ये वाईट झाड आणि वाईट फळ यांना वापरला आहे, तेव्हा इथे तो ‘उपयोगाचा नाही’ अशा अर्थाने घ्यावा लागतो. मग उपयोगाचा नाही, तो कुणाच्या दृष्टीने? लेवीय ११ प्रमाणे पाण्यातल्या ज्या प्राण्यांना पंख आणि खवले आहेत तेवढेच खाण्यास योग्य, बाकीचे अमंगळ. हा नियम आपल्या रापणीला लावून पाहा. मोरी गेली, शिंगाळा गेला, कुर्ल्या गेल्या, सुंगटां गेली, माकूल गेले, शेवंडही गेली. म्हणजे लिलावात ज्यांच्यासाठी बोली चढते त्यांतले निम्मे गालीलच्या काठावर फेकण्याच्या ढिगात पडले असते, आणि आपल्याकडे भाव पडला की खताला जाणारी तारली भांड्यात जमा झाली असती.

हे ऐकून मंडळी हसेल, आणि हसू द्यावे. पण त्यातून काढायचा मुद्दा हलका नाही. चांगले आणि वाईट ठरवणारा भाव बाजाराचा नाही, मासा ओढणाऱ्याचाही नाही. तो आधीच दुसऱ्या कुणी ठरवून ठेवलेला आहे. कोकणात हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही, कारण रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या परिसरात, बेने इस्राएल ही यहूदी कुटुंबे शतकानुशतके राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, तेच हे लोक. त्यांच्यात अशी परंपरा सांगतात की डेव्हिड राहाबी नावाचा एक यहूदी पाहुणा आला आणि हे खरोखरच इस्राएलाचे वंशज आहेत का हे पारखण्यासाठी त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले. त्यांनी पंख आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले, आणि त्यावरून त्याची खात्री पटली. मासे निवडण्यावरून माणसे ओळखली गेल्याची गोष्ट आपल्याच किनाऱ्यावर सांगितली जाते, हे तुमच्या श्रोत्यांना कळले तर लेवीय ११ त्यांना परके वाटणार नाही. दुसराही एक फायदा आहे. आपल्या उपदेशांत ‘यहूदी’ म्हणजे नेहमी हट्टी, आंधळे, परुशी, असे जे सरसकट चित्र रंगवले जाते, ते रंगवताना आपली जीभ जरा अडखळेल.

दुसरा प्रश्न वेळेचा. काही वर्षांपूर्वी याच उताऱ्याची तयारी करताना मी एका म्हाताऱ्या रापणकराकडे जाऊन बसलो. तो ख्रिस्ती नव्हता, आणि मी कशासाठी विचारतो हेही मी त्याला सांगितले नव्हते. दोर ओढताना मध्येच एखादा नको असलेला मासा जाळ्यात दिसला तर काढून टाकता का, असे मी विचारले. माझ्या अज्ञानाची त्याला कीव आली असावी. तो म्हणाला, “जाळ्याक काय कळता? गावला ता घेवन येता. निवडूचा काम मागसून, खाली बसान.” ओढतेवेळी कुणी निवडायला लागला तर दोर सैल पडेल आणि जाळे हातचे जाईल, असे त्याने पुढे समजावले.

घरी येऊन मी पुन्हा अठ्ठेचाळिसावे वचन वाचले. जाळे भरल्यावर त्यांनी ते किनाऱ्याकडे ओढले, आणि बसून चांगले ते भांड्यांत जमा केले. ‘भरल्यावर’ आणि ‘बसून’ हे दोन शब्द मी कित्येक वर्षे वाचत आलो होतो. त्यांवर नजर कधी थांबली नव्हती. उताऱ्यात दोन वेगळ्या वेळा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. रापणकराने मला उताऱ्याचा अर्थ सांगितला नाही. जे उताऱ्यात लिहिलेलेच होते तिथे त्याने माझी नजर नेली. तुमच्या त्या वडिलांना हवा असलेला फरक हाच आहे, आणि त्यांचा आक्षेप मला तरी रास्त वाटतो.

यानंतर मात्र किनारा सोडून अध्यायात परत गेले पाहिजे. मत्तय १३ च्या सुरुवातीला येशू मचव्यात बसला आहे आणि समुदाय काठावर उभा आहे. छत्तिसाव्या वचनात तो समुदायाला निरोप देऊन घरात जातो, आणि त्यानंतरचे सगळे, म्हणजे निदणाचा उलगडा, ठेव, मोती आणि हे जाळे, घरात शिष्यांना सांगितलेले आहे. त्या शिष्यांत निदान चौघे व्यवसायाने कोळी होते, आणि ‘मी तुम्हाला माणसे धरणारे करीन’ हे त्यांना आधीच सांगितले गेले होते. ज्यांना जाळे टाकायला पाठवायचे आहे त्यांनाच दाराआड सांगितले जाते की या जाळ्यात सर्व प्रकारचे येणार, आणि एकोणपन्नासाव्या वचनाप्रमाणे युगाच्या समाप्तीला वेगळे करणारे देवदूत असतील. दृष्टांतात ओढणारे आणि निवडणारे एकच आहेत. उलगड्यात निवडण्याचे काम त्यांच्याकडून काढून घेतलेले आहे. मला तरी हा उताऱ्यातला सर्वांत मोठा धक्का वाटतो.

इथे पुन्हा लगाम हवा. यावरून ‘मंडळीत कुणी कुणाला काही बोलूच नये’ असा उपदेश करायला गेलात तर मत्तयच तुम्हाला अडवेल, कारण अठराव्या अध्यायात अपराधी भावाकडे जाऊन त्याची समजूत कशी घालावी, त्याने न ऐकल्यास मंडळीने काय करावे, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. शेवटचा निवाडा आपला नव्हे, एवढेच हा उतारा सांगतो. उताऱ्याने जेवढे म्हटले तेवढेच म्हणण्यासाठी उपदेशकाला बरेच बळ लागते.

इथवरचे एका ठिकाणी आणतो: जाळे रापणीचे आहे, चांगल्या-वाईटाचा भाव बाजाराचा नाही, ओढण्याची वेळ वेगळी आणि निवडण्याची वेगळी, आणि हे सर्व, जाळे ओढणाऱ्यांना घरात बसवून सांगितलेले आहे. बुधवारी मी हे एका वाक्यात लिहून पाहतो. या उताऱ्यासाठी माझे वाक्य असे होते: “आपल्याला ओढायला सांगितले आहे, निवडायला नाही, पण निवड होणार आहे.” वाक्य दोन ओळींच्या पलीकडे गेले तर मी गुरुवारी दाखले शोधायला बसत नाही, पुन्हा उताऱ्याकडे जातो.

अग्नीच्या भट्टीचे उत्तर त्याच वाक्याच्या उत्तरार्धात आहे. तो भाग गाळू नका. पन्नासावे वचन गाळले तर दृष्टांत ‘सगळ्यांना सामावून घ्या’ अशा गोड बोधावर थांबतो आणि तुमच्या मंडळीतल्या, ज्याच्यावर अन्याय झाला आहे अशा माणसाला त्यात काहीच उरत नाही. पण ते वचन कुणाकडे बघून वाचायचे, हे मात्र ठरवून ठेवा. आपल्यापैकी पुष्कळ उपदेशक ‘वाईट’ म्हटले की नकळत मागच्या बाकांकडे, पाहुण्यांकडे बघतात. येशूने हे समुदायाला सांगितले नाही, शिष्यांना सांगितले. चांगले आणि वाईट दोन्ही मासे जाळ्याच्या आतच आहेत. तेव्हा हे वचन आपल्या मंडळीला उद्देशून, स्वतःला धरून, आवाज न चढवता वाचा. भट्टीचे वर्णन उताऱ्यात एका ओळीचे आहे. तुम्हीही एका ओळीवर थांबा. तुमचे शेजारी तेवढे समजून घेतील. आपण दुसऱ्यांना भट्टीत पाहून सुखावतो आहोत असे दिसले तर मात्र समजून घेणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल.

ओळखीच्या गोष्टीने उतारा कसा झाकला जातो याचा मला सर्वांत जड गेलेला धडा जाळ्याचा नव्हता, मचव्याचा होता. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. तो बुधवार होता. रविवारपर्यंत कितीतरी घरांत वाट पाहणे चालू होते. मी मार्क ४:३५-४१ घेतले, वादळ शांत करण्याचा उतारा, आणि मनापासून, धीर देण्याच्या हेतूने बोललो की येशू ज्या होडीत आहे ती होडी बुडत नाही. उपासनेनंतर एक बाई दाराशी थांबली. तिचा भाऊ परतला नव्हता. तिने मला इतकेच विचारले, “मग आमच्या होडयेत तो नाय होतो काय?”

मला उत्तर देता आले नाही. त्या आठवड्यात मी उतारा पुन्हा वाचला आणि लक्षात आले की मी जे बोललो ते त्यात कुठेही नाही. मार्कचे प्रकरण आश्वासनावर संपत नाही, घाबरलेल्या माणसांच्या प्रश्नावर संपते: हा आहे तरी कोण? शिवाय छत्तिसाव्या वचनात, त्याच्याबरोबर दुसरे मचवेही होते, असे मार्क सांगतो आणि त्यांचे पुढे काय झाले ते सांगत नाही. त्या मचव्यांकडे मी कधी पाहिलेच नव्हते. आणि मी केलेले विधान शास्त्रानेच खोडून काढले आहे. पौल २ करिंथ ११:२५ मध्ये लिहितो की तीन वेळा त्याचे तारू फुटले आणि एक रात्र व एक दिवस त्याने खोल समुद्रात काढला. प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये तर तारू मोडते, माणसे मात्र वाचतात. एका उताऱ्यावरून काढलेला नियम बाकीच्या शास्त्रावर घासून पाहिला असता तर त्या बाईला तो प्रश्न विचारावा लागला नसता.

आणि ओळखीचे शब्द माझी कशी फसगत करत होते तेही तेव्हाच कळले. ‘गालील समुद्र’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अरबी समुद्र येतो, भरती-ओहोटीचा, खारा, जमीन दिसेनाशी होईल असा. प्रत्यक्षात ते गोड्या पाण्याचे तळे आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद, समुद्रसपाटीपासून २०० मीटरहून अधिक खाली. भोवतालच्या डोंगरांवरून वारा एकाएकी खाली उतरतो आणि पाणी खवळते. १९८६ मध्ये दुष्काळाने पाणी ओसरले तेव्हा तिथल्या चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक नाव सापडली. ती सव्वाआठ मीटरांच्या आसपास लांब आहे. म्हणजे मराठी बायबलातला ‘मचवा’ हा शब्द आपल्या मनात जेवढे गलबत उभे करतो तेवढे ते नव्हे. तेरा-चौदा माणसे खेटून बसतील अशी होडी. फयानमध्ये खोल समुद्रात सापडलेल्या नौकांची आणि त्या होडीची गोष्ट मी एकच करून टाकली होती. त्या बाईकडे मी पुढच्या आठवड्यात गेलो. उपदेश करायला नव्हे. माझे चुकले एवढे सांगायला.

याच्या उलट, आपली माती कधीकधी टीकाग्रंथापेक्षा चांगला उलगडा करते. पेरणाऱ्याच्या दृष्टांतातली खडकाळ जमीन म्हणजे दगडगोट्यांची जमीन असे देशावर समजतात. आपल्या सड्यावर पावसाळ्यात जा: कातळावर बोटभर माती, त्यावर जूनमध्ये सगळ्यांच्या आधी हिरवे होते, आणि नवरात्र सरून ऊन तापले की तिथेच सगळ्यांच्या आधी करपते. माती खोल नसल्यामुळे ते लवकर उगवले, असे मत्तय म्हणतो. लवकर उगवणे हेच तिथे दुखण्याचे लक्षण आहे, हे कातळ पाहिलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्याच दृष्टांतात आपली भातलावणी आणू नका. तरवा काढून चिखलात ओळीने रोवणारा शेतकरी वाटेवर बी पडू देणारच नाही, आणि श्रोता तिथेच अडकून बसेल.

दाखले जुळवण्याच्या भरात प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवण्याचा रोग जुना आहे. ऑगस्टिनसारख्या थोर आचार्यानेसुद्धा चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा चालक म्हणजे पौल, असा अर्थ लावला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अडॉल्फ यूलिशर या जर्मन अभ्यासकाने त्याविरुद्ध आवाज उठवून प्रत्येक दृष्टांताचा मुद्दा एकच, असे मांडले. तेही जरा ताणलेलेच, कारण निदणाच्या दृष्टांतात शेत म्हणजे जग, कापणारे म्हणजे देवदूत, अशी जोडणी मत्तयातच आहे. मी मधला मार्ग धरतो: उताऱ्याने स्वतः जोडून दिले तेवढे घ्यायचे. रापणीचे दोन दोर म्हणजे जुना आणि नवा करार, वरची भेंडे म्हणजे प्रार्थना आणि खालचे शिसे म्हणजे पाप, असा उपदेश मी या कानांनी ऐकला आहे. मंडळी खूश होती. मासे कुठे गेले ते कुणी विचारले नाही.

भाषेबद्दल थोडेच. वाचन प्रमाण मराठीतच करा, उपदेशही. रापणकराचे एखादे वाक्य मालवणीत आले तर ते उठून दिसते, पण सगळा उपदेश मालवणीत केलात तर मुंबईहून आलेले त्याला नाटक समजतील आणि गावातले तुम्हाला लाडीगोडी करणारा. मी पूर्ण उपदेश हाताने लिहून काढतो, सहा-सात पाने, म्हणजे साधारण वीस मिनिटे. व्यासपीठावर नेताना मात्र अर्धे पान नेतो. रचनेसाठी कीर्तनाकडे बघा. आपल्या श्रोत्यांचा कान त्यावर घडलेला आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनाला आपलेसे केले ते काही उगाच नव्हे. कीर्तनकार मूळ अभंग घेतो, फिरून येतो आणि पुन्हा त्याच चरणावर उभा राहतो. तुम्हीही दर पाच मिनिटांनी उताऱ्यातले शब्द, जसेच्या तसे, पुन्हा उच्चारा. ‘भरल्यावर.’ ‘बसून.’ मग तुम्ही रापणीवर बोलत असलात तरी वचनावरच आहात हे ऐकणाऱ्याला कळत राहते.

राहिले ते वडील. उपदेशाच्या आधीच्या शुक्रवारी त्यांच्या घरी जा. सफाई देऊ नका. उतारा त्यांनाच वाचायला सांगा, तुमचे एक वाक्य त्यांच्यापुढे ठेवा आणि हे या चार वचनांत आहे की मी बाहेरून आणले, एवढे विचारा. त्यांनी बाहेरून आणलेले एक जरी दाखवले तर रविवारच्या आधी तुमच्या हातात अख्खा शनिवार आहे. आणि जमले तर त्या शनिवारी पहाटे किनाऱ्यावर जाऊन स्वतः दोराला हात लावा; रापण ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तेव्हा रविवारच्या जेवणाचीही सोय होईल.